मदत हवी आहे : संशोधनाचे मूळ निबंध कुठे मिळवावेत आणि कसे वाचावेत?

नमस्कार. मी सोलापूरला पूर्व भागात राहते, एका खासगी विनाअनुदानित शाळेत विज्ञान शिकवते. गेलं वर्षभर दर रविवारी सकाळी शाळेच्याच एका वर्गात आम्ही सहा-सात जण जमतो. पेपरात 'संशोधनातून सिद्ध झालं' अशी बातमी दिसली की ती कापून आणायची, मूळ निबंध शोधायचा आणि ओळ न् ओळ लावत वाचायचा. एक नर्सताई आहेत, एसटीतून निवृत्त झालेले काका आहेत, सांगोल्याचे डाळिंबवाले दादा आहेत, कॉलेजची दोन-तीन मुलं आहेत. त्यामुळे विषयाला धरबंध नाही. एका रविवारी प्रथिनांच्या घड्या ओळखणारी अल्फाफोल्ड ही संगणकप्रणाली, जिच्या कर्त्यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पुढच्या रविवारी डाळिंबावरचा तेल्या रोग. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत पहिल्यासारखा ठाम निकाल मिळाला. ते वाचल्यापासून काका प्रत्येक कात्रणावर एकच विचारतात, "हे दुसऱ्या कुणी करून बघितलंय का?"

आता जिथे अडलोय ते सांगते.

माझे वडील २८ वर्षं यंत्रमागावर होते, टॉवेलच्या कारखान्यात. रात्रपाळी करून आले की भुवयांवर, पापण्यांवर सुताची पांढरी लव बसलेली असायची. लहानपणी मी ती बोटांनी काढायचे. आई घरी विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात तंबाखूचा चुरा, बाजूला ओल्या फडक्यात कापलेली पानं. स्वयंपाक त्याच खोलीत, झोपायचंही तिथेच. आज दोघांनाही खोकला आहे. वडिलांचा पावसाळ्यात इतका वाढतो की बसून झोपतात.

म्हणून आम्ही सुताच्या धुळीवरचं संशोधन शोधायला घेतलं. शांघायच्या गिरण्यांमधल्या कामगारांचा १९८१ पासून केलेला अभ्यास सापडला. सुती गिरणीतले ४४७ आणि तुलनेसाठी रेशीम गिरणीतले ४७२ कामगार, आणि दर काही वर्षांनी त्यांच्या फुप्फुसांची तपासणी. इतकी वर्षं त्याच माणसांच्या मागे कुणी राहिलं, याचंच मला भरून आलं. कापसावरच्या जिवाणूंपासून येणारं एंडोटॉक्सिन नावाचं द्रव्य धुळीत असतं आणि त्रासामागे त्याचा मोठा हात असावा, इथपर्यंत आम्हाला समजलं. पण सारांशाच्या पुढे गेलो की पैसे मागतात, तेही डॉलरमध्ये. सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं तीत आहेत. पण ती सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि संशोधन संस्थांसाठी. आमची शाळा त्यात कुठे बसणार?

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. शांघायच्याच कापड गिरण्यांमधल्या बायकांचा २००७ चा एक निबंध सांगतो की एंडोटॉक्सिन ज्यांच्या वाट्याला जास्त आलं त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर कमी आढळला. कॉलेजचा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे मॅडम, धूळ चांगली?" मला उत्तर देता आलं नाही. वडिलांना हे काय म्हणून सांगू?

तेव्हा फुकट आणि रीतसर मार्गाने निबंध कसे मिळवायचे, आणि असे उलटसुलट दिसणारे निकाल कसे वाचायचे, हे जाणकारांनी सांगावं. शिवाय ज्याला 'कन्फाउंडर' म्हणतात त्याला मराठीत तुम्ही काय म्हणता?

प्रतिसाद
ताई, मी ग्रंथालयात काम करतो. आरोग्याचे पुष्कळ निबंध पबमेड सेंट्रल या मोफत ऑनलाइन संग्रहात पूर्ण वाचायला मिळतात. गूगल स्कॉलरवर निबंधाच्या नावाखाली 'सर्व आवृत्त्या' अशी ओळ असते, ती दाबा. लेखकाने आपल्या विद्यापीठाच्या साइटवर ठेवलेली प्रत बऱ्याचदा तिथे सापडते. ब्राउझरमध्ये अनपेवॉल नावाचं जोडसाधन टाकून ठेवा, मोफत प्रत असेल तर ते स्वतःच दाखवतं. नाहीच मिळाला तर लेखकाला चार ओळींची मेल करा. निबंधाच्या विक्रीतून त्याला काही मिळत नसतं, उलट कुणी वाचतंय याचा आनंद होतो. सोलापूरच्या कामगारांवरचे पीएचडीचे प्रबंध शोधगंगावर शोधा, तिथे पैसे लागत नाहीत. आणि आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाहेरच्या वाचकाला बसून वाचू देतात का, ते एकदा प्रत्यक्ष जाऊन विचारा.

प्रतिसाद
मॅडम, मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. त्या मुलाला सांगा, कॅन्सर कमी दिसला म्हणून फुप्फुस चांगलं राहिलं असं होत नाही. तीच धूळ श्वासनलिका आवळते, हे तुम्हीच वाचलेल्या पहिल्या अभ्यासात आहे. दुसरी गोष्ट, ज्यांना धूळ सोसत नाही ते लवकर काम सोडतात. वर्षानुवर्षं टिकतात ते मुळातच दणकट असतात, म्हणून आकडे बरे दिसू शकतात. असा निबंध वाचताना सोडून गेलेल्यांचं काय झालं, ते कुठल्या पानावर लिहिलंय ते आधी शोधा.

वडिलांना एक विचारा. सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळायची का? सुताच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या आजाराची, म्हणजे बिसिनोसिसची, ती जुनी खूण आहे. तो आजार १९४८ च्या जुन्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत, नोंदलेला होता. विणकामापेक्षा पिंजण आणि सूतकताईच्या खात्यात तो जास्त आढळतो, त्यामुळे अंदाजावर राहू नका. दोघांचीही स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी, करून घ्या. आणि तुमच्या घरात सुताची धूळ, तंबाखूची धूळ आणि चुलीचा धूर एकाच खोलीत होते. खोकला कशाने आला हे वेगळं काढता येत नाही, कारण एका कारणात दुसरं मिसळलंय. असं मिसळलेलं दुसरं कारण म्हणजेच कन्फाउंडर. मी विद्यार्थ्यांना 'मध्ये शिरलेला घटक' असं सांगतो.

मूळ धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. अनपेवॉलने दोन निबंध लगेच मिळाले, एका लेखकाला मेल केली आहे. वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला धोटा बदलायलासुद्धा दम लागायचा. सगळ्यांनाच लागायचा, म्हणून कुणी बोलायचं नाही." बुधवारी दोघांची तपासणी आहे. आता मी त्यांच्याबरोबरच्या, मध्येच काम सोडलेल्या माणसांची नावं त्यांच्याकडून वहीत लिहून घेतेय. काल रात्रीपर्यंत अकरा झाली.