दीड महिन्याचं बाळ रोज संध्याकाळी रडतंय, कायरोप्रॅक्टरकडे न्यावं का? (सोसायटी ग्रुप, जुळे सोलापूर)

बी ३०२: नमस्कार, रात्री बाळाच्या रडण्याचा त्रास होत असेल तर सॉरी हं. दीड महिन्याची झालीय, रोज सात वाजले की सुरू होते ते अकरापर्यंत थांबतच नाही, पाय पोटाशी घेते, लालबुंद होते, दूध पण ओकते. पुण्याच्या नणंदेनं रील पाठवलीय, कायरोप्रॅक्टर बाळाची मान-पाठ अ‍ॅडजस्ट करतात आणि कोलिक (म्हणजे बाळाचं हे न थांबणारं रडणं), अ‍ॅसिडिटी जाते म्हणे. कोणी नेलंय का?

ए १०४ काकू: अगं सॉरी काय त्यात, बाळ रडणारच. बाळगुटी देतेस का? हिंग कालवून बेंबीभोवती लाव. आमच्या अक्कलकोटकडं पोट धरणाऱ्या आजी असायच्या.

डी ४०१: भावाचं पोरगं असंच लई रडलालं होतं. पुण्यात दाखवलं, दोन-तीन सिटिंगमध्ये फरक पडला. नंबर देतो पाहिजे तर.

सी २०३ सिस्टर: जरा मोठं लिहितेय, पण वाच. माझी नोकरी मुलांच्या वॉर्डात गेली म्हणून राहवत नाही. फरक पडला हे खोटं नाही, पण कधी पडला ते बघा. बाळाचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त होतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप उतरतं. आईबाप टेकीला येतात ते नेमके त्या सहाव्या आठवड्यात, आणि तेव्हा जे काही केलं त्यालाच गुण आला असं वाटतं, मग ती गुटी असो, पोट धरणं असो नाहीतर कायरोप्रॅक्टर. नॉर्वेमध्ये ८६ बाळांवर याचा अभ्यास झाला, २००१ साली छापून आला. निम्म्या बाळांच्या मणक्यावर कायरोप्रॅक्टरनं हातानं दाबून ट्रीटमेंट केली, बाकीच्यांना नर्सनं नुसतं दहा मिनिटं धरून ठेवलं, आणि कोणाला काय केलं हे आईबापांना सांगितलंच नाही. दोन्हीकडची बरीच बाळं सुधारली आणि दोन्हींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. ऑस्ट्रेलियात तर दोन आठवड्यांच्या बाळाला उलटं धरून ट्रीटमेंट करतानाचा व्हिडिओ फिरला, लोक भडकले, आणि २०१९ मध्ये तिथल्या कायरोप्रॅक्टिक बोर्डानंच सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांचा मणका असा हाताळू नका. आपलं बाळ तर अजून मान पण धरत नाही गं!

बी ३०२: आणि ओकण्याचं काय सिस्टर? तेच जास्त टेन्शन आहे

सी २०३ सिस्टर: अन्ननलिका आणि पोट यांच्यामधली झडप अजून कच्ची असते, म्हणून दूध वर येतं, त्याचा मणक्याशी संबंध नाही. चार महिन्यांच्या आसपास जास्त होतं आणि वर्ष-दीड वर्षापर्यंत बहुतेकांचं थांबतं. पाजल्यावर थोडा वेळ उभं धर, ढेकर काढ, झोपवताना मात्र पाठीवरच. अ‍ॅसिडिटीचे थेंब मनानं देऊ नको. वजन किती झालं आणि उलटी कुठल्या रंगाची?

बी ३०२: जन्माला २.८ होतं, परवा ३.८ भरलं. उलटी पांढरी, फाटलेल्या दुधासारखी

सी २०३ सिस्टर: वजन छान वाढतंय. पण उलटी हिरवी किंवा रक्ताची झाली, लांब पिचकारीसारखी उडायला लागली, ताप १००.४ च्या वर गेला, टाळू फुगली, बाळ प्यायचं सोडून मलूल पडलं, यातलं एक जरी दिसलं तर रात्री दोन वाजता पण उठवा आम्हाला, थेट दवाखान्यात जायचं. आणि १०४ वहिनी, राग मानू नका, गुटी नको. त्यात बरेचदा मध घालतात, वर्षाच्या आत मधातनं बाळाला बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषानं होणारा गंभीर आजार, होऊ शकतो. सहा महिने आईचं दूध बास आहे. हिंग बाहेरून लावा हवं तर.

ए १०४ काकू: मधाचं माहीत नव्हतं बाई. आमच्या वेळी सगळेच चाटवायचे.

डी ४०१: आमच्या पोराला काही झालं नाही पण सिस्टर, हलक्या हातानंच करतात ते

सी २०३ सिस्टर: झालं नाही ते चांगलंच झालं. पण ज्याचा उपयोगच दिसत नाही त्यासाठी एवढ्याशा मानेला हात का लावू द्यायचा? ते पैसे बालरोगतज्ज्ञांच्या तपासणीला लावा, ते कान, पोट, जांघ सगळं बघतील, हर्निया वगैरे नाही ना ते कळेल.

बी ३०२: उद्या सकाळचीच अपॉइंटमेंट घेते. खरं सांगू का, काल तर इतकं डोकं फिरलं होतं की तिला घेऊन मीच रडत बसले, हे पण बाहेरगावी आहेत

सी २०३ सिस्टर: असं झालं की बाळाला पाळण्यात ठेवायचं आणि पाच मिनिटं गॅलरीत जाऊन यायचं, रडू दे तेवढं. काही झालं तरी जोरात हलवायचं नाही, मेंदूला इजा होते. आणि एकटी बसू नको, सात ते नऊ मी घेते तिला.

ए १०४ काकू: नऊच्या पुढं मी येते. भाकरी-आमटी आणतेय, स्वयंपाक करू नको आज.