कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजची पारख कशावरून करावी?

फ्रीमाँटची आई

नमस्कार. माझा मुलगा येत्या जूनमध्ये हायस्कूल पूर्ण करील. त्याला संगणकशास्त्र शिकायचे आहे, परंतु मनातल्या यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) विद्यापीठांत प्रवेश न मिळाल्यामुळे दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षे शिकवणाऱ्या सार्वजनिक कॉलेजात शिकून तिसऱ्या वर्षाला यूसीत ट्रान्सफर घ्यावी, असे आमचे जवळजवळ ठरले आहे. घराजवळ ओलोनी कॉलेज आहे. मात्र विचारावे तो क्यूपर्टिनोच्या डी अँझाचेच नाव घेतो. मी स्वतः निरनिराळ्या कॉलेजांचे पदवी पूर्ण करणाऱ्यांचे आकडे पाहिले, तर काही ठिकाणी ते इतके कमी आहेत की मन धास्तावते. आम्हा दोघांचे शिक्षण पुण्यात झाल्यामुळे या व्यवस्थेचा अनुभव आमच्या गाठीशी नाही. कॉलेज चांगले की नाही, हे नेमके काय पाहून ठरवावे?

दिवेआगरकर

ताई, मी बे एरियातल्याच एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते, त्यामुळे आधी त्या आकड्यांविषयी लिहिते. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा जो पदवीपूर्तीचा दर सर्वत्र उद्धृत होतो, त्यात आयुष्यात प्रथमच आणि पूर्णवेळ नाव घातलेले विद्यार्थीच धरतात आणि दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी त्यांना तीन वर्षांची मुदत देतात. आमच्या वर्गांत दिवसा नोकरी करून संध्याकाळी दोन विषय शिकणारे, मुले मोठी झाल्यावर परतलेले, दुसऱ्या विद्यापीठातून केवळ उन्हाळ्यापुरते आलेले असे कितीतरी जण असतात आणि त्यांतले बहुतेक त्या हिशेबात येतच नाहीत. शिवाय असोसिएट (दोन वर्षांची) पदवी न घेताच जो विद्यार्थी यूसीत गेला, त्याची गणना पदवी पूर्ण केलेल्यांत होत नाही. आपल्या मुलाचा हेतू नेमका तोच असल्यामुळे त्या एका टक्केवारीवरून त्याच्यासाठी काहीही ठरवू नये.

त्याऐवजी ‘असिस्ट’ हे संकेतस्थळ उघडावे. कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांचे कोणते विषय यूसी आणि कॅल स्टेट (राज्याची दुसरी सार्वजनिक विद्यापीठव्यवस्था) विद्यापीठांत कशाच्या बदल्यात ग्राह्य धरले जातात, याचे अधिकृत करार तेथे आहेत. कॉलेज, विद्यापीठ आणि शाखा निवडली की डाव्या बाजूला विद्यापीठाचा विषय आणि उजव्या बाजूला कॉलेजचा समतुल्य विषय दिसतो. उजवीकडे ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ असे लिहिलेले आढळले, तर त्या विषयासाठी त्या कॉलेजात करारात मान्य असा समतुल्य विषय नाही, असे समजावे. मुलाला जी चार-पाच विद्यापीठे हवी आहेत, त्यांची ही पाने दोन्ही कॉलेजांसाठी काढून शेजारी-शेजारी ठेवावीत. संगणकशास्त्रात डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट गणित आणि कॅल्क्युलसची संपूर्ण मालिका यांवर विशेष नजर ठेवावी.

पण करारात विषय आहे, एवढ्याने काम भागत नाही. तो प्रत्यक्षात किती वेळा शिकवला जातो, हे मागच्या दोन वर्षांच्या वेळापत्रकांत पाहावे. एखादा आवश्यक विषय वर्षातून एकदाच, एकाच तुकडीत उघडत असेल आणि प्रतीक्षायादी पहिल्याच दिवशी भरत असेल, तर दोन वर्षांची तीन वर्षे होण्यास तेवढे एक कारण पुरते. नावाजलेल्या कॉलेजात तुकड्या अधिक असतात, तशी मागणीही अधिक असते.

डेव्हिसच्या मुलीचे बाबा

वरील सर्व मुद्द्यांशी मी सहमत आहे. माझी मुलगी याच मार्गाने यूसी डेव्हिसला गेली, म्हणून दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट म्हणजे ‘टॅग’, अर्थात ट्रान्सफर प्रवेशाची हमी. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ ही सहा विद्यापीठे ती देतात. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो देत नाहीत. अर्ज एकाच विद्यापीठासाठी करता येतो, तोही प्रवेशाच्या आदल्या वर्षी १ ते ३० सप्टेंबर या काळात. मागणी असलेल्या काही शाखा, विशेषतः अभियांत्रिकीच्या बाजूच्या, या हमीतून वगळलेल्या असतात आणि प्रत्येक विद्यापीठाची गुणांची अट वेगळी असते. म्हणून संगणकशास्त्रासाठी त्या वर्षीची यादी पाहिल्याखेरीज तिच्यावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट काउन्सेलरची, म्हणजे कोणते विषय केव्हा घ्यावेत याचे मार्गदर्शन करणाऱ्याची. कॉलेज पाहण्यास जाल तेव्हा इमारतींत फार वेळ न घालवता ट्रान्सफर सेंटरमध्ये जावे आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला काउन्सेलरची भेट किती दिवसांनी मिळते, तसेच दोन वर्षांचा शैक्षणिक आराखडा पहिल्याच सत्रात करून मिळतो का, हे विचारावे. दुपारी तीनच्या सुमारास गणिताच्या ट्युटरिंग सेंटरमध्येही डोकवावे. आम्ही पाहिलेल्या एका कॉलेजात प्रत्येक टेबलाशी मुले वह्या उघडून बसली होती आणि शिकवणारी वरच्या वर्गातली मुले एका टेबलावरून दुसऱ्याकडे जात होती. दुसऱ्या कॉलेजात दाराला वेळा बदलल्याची चिठ्ठी लावलेली होती. आमचा निर्णय त्यावरून झाला.

आपल्या मंडळींत या मार्गाविषयी जो संकोच आहे, त्याचे मला मनापासून वाईट वाटते. महाराष्ट्रात पदविका करून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेणाऱ्या मुलाचे आपण कौतुक करतो. हा मार्गही तितकाच सरळ आहे. मुलासमोर तरी तो कमीपणाचा म्हणून बोलू नये.

फ्रीमाँटची आई

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. दोन शंका राहिल्या. ओलोनीत सेमिस्टर (वर्षाची दोन मुख्य सत्रे) आहेत आणि डी अँझात क्वार्टर (तीन लहान मुख्य सत्रे). त्याने फरक पडतो का? तसेच आम्ही अजून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत आणि मुलगा एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर आहे. त्याचा शुल्कावर परिणाम होतो का?

दिवेआगरकर

फरक पडतो तो मध्येच कॉलेज बदलल्यास. क्वार्टरमध्ये कॅल्क्युलसचे तुकडे लहान असतात, त्यामुळे अर्धी मालिका एकीकडे आणि अर्धी दुसरीकडे केली की मधला भाग निसटतो किंवा दोनदा करावा लागतो. जी मालिका जेथे सुरू कराल, तेथेच ती संपवावी. तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी ६० सेमिस्टर युनिट (श्रेयांक) किंवा ९० क्वार्टर युनिट लागतात. निवासी, म्हणजे राज्याचा रहिवासी ठरलेल्या विद्यार्थ्याला सेमिस्टरच्या युनिटला ४६ डॉलर आणि डी अँझात क्वार्टरच्या युनिटला ३१ डॉलर नोंदणीशुल्क आहे, म्हणजे दोन्हीकडे एकूण २,८०० डॉलरच्या आतच खर्च येतो. पुस्तके आणि इतर शुल्के त्याशिवाय.

एच-४ असणे हे येथील निवासी ठरण्याच्या आड येत नाही. एका वर्षाहून अधिक वास्तव्याची आणि येथेच राहण्याच्या उद्देशाची कागदपत्रे मात्र द्यावी लागतात. खरी अडचण एकविसाव्या वाढदिवसाला येते. तेव्हा एच-४ संपते आणि एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागल्यास साधारणपणे अनिवासी शुल्क लागू होते, जे कित्येक पट आहे. आपल्या मुलाचा तो वाढदिवस बहुधा ट्रान्सफरच्या सुमारासच येईल, म्हणून कॉलेज आणि विद्यापीठ या दोन्ही ठिकाणच्या निवासी-पात्रता कार्यालयांना आताच ईमेल करून उत्तर लेखी घ्यावे आणि व्हिसाविषयी वकिलाचा सल्ला घ्यावा.