दुवा दाबून धरा
इंटरनेटवरच्या ‘दहा उत्तम’ छाप याद्यांवर ‘प्रायोजित’ लिहिलंच नसेल तर त्यातली जाहिरात ओळखायची कशी, असा प्रश्न पडतो. लेबलावर विसंबूच नका. मोबाइलवर दुवा (लिंक) दाबून धरला की पूर्ण पत्ता दिसतो. ॲमेझॉन इंडियाच्या दुव्यात ‘टॅग=’ आणि त्यापुढच्या नावाच्या शेवटी ‘-२१’ असेल, तर तुमच्या खरेदीवरचं कमिशन लिहिणाऱ्याला जातं. गोव्यातल्या कळंगुट-बागाच्या ‘दहा उत्तम हॉटेलां’त बुकिंग डॉट कॉमचा दुवा असेल तर ‘एआयडी=’ ही तशीच खूण शोधा (अक्षरं अर्थात रोमन). आखूड केलेल्या दुव्यात हे लपतं. तो उघडून ॲड्रेस बार बघावा लागतो.

कमिशन घेणं म्हणजे लबाडी नव्हे, पण जाहिरातींविषयीच्या २०२२च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे असे लागेबांधे उघड करायला हवेत. आणि यादी ऐन जुलैत किनाऱ्यावरचे शॅक (तात्पुरती झोपडीवजा उपाहारगृहं) सुचवत असेल तर दुवाही तपासू नका, पावसाळ्यात ते उतरवलेले असतात.