मदत हवी आहे: टाकीत खाद्याची अख्खी डबी सांडली, पाणी पांढरं झालं

पांढरकवड्याचा_पोट्टा: घरच्या लहान्यानं काल संध्याकाळी मासोळ्यांच्या टाकीत पूर्ण डबी उलटवली. जाळीनं निघालं तेवढं काढलं. आता पाणी दुधासारखं अन् मासोळ्या वर येऊन तोंडं उघडून रायल्या. सगळं पाणी बदलू का? लवकर सांगा, ३ वाजता लाइन जाते.

वर्धाकाठ: टाकी किती लिटरची? मासे कोणते, किती? पाणी बोअरचं की नळाचं?

पांढरकवड्याचा_पोट्टा: दोन फुटाची आहे राजेहो.

वर्धाकाठ: दोन फूट लांबी झाली. रुंदी-उंची एकेक फूट असेल तर काठोकाठ ५६ लिटर, खडी धरून ५० च्या आत. बाकीचं?

चक्कीवाला: स्वस्तातलं खाद्य असलं की असंच होते. तरंगणारे दाणे घेत जा.

पांढरकवड्याचा_पोट्टा: २ गोल्डफिश, ६ गप्पी, १ सकर (काच चाटणारा मासा). बोअर. स्पंजवाला फिल्टर, एअरपंप.

वर्धाकाठ: सगळं बदलू नका. जुन्या टाकीत पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी त्याचं माप) उतरलेला असतो, तिथं सडक्या खाद्यातून अन् मासोळ्यांच्या घाणीतून आलेला अमोनिया बराचसा अमोनियम या निरुपद्रवी रूपात पडून राहते. बोअरचं कडक पाणी एकदम ओतलं की पीएच चढते अन् त्याचाच विषारी अमोनिया होते. पीएच ७ चा ८ झाला की विषारी हिस्सा जवळपास दहापट.

आधी एअरपंप फुल करा. पांढरेपणा म्हणजे सडलेल्या खाद्यावर वाढलेले जीवाणू, तेच ऑक्सिजन ओढून रायले. मग नळी खडीत खुपसून खालची घाण ओढा, वरून जाळी मारून भागत नाही. २० लिटर निघालं की थांबा. बोअरच्या ताज्या पाण्यात ऑक्सिजन कमी असते. या बादलीतून त्या बादलीत आठ-दहा वेळा उंचावरून ओता, टाकीच्या पाण्याशी २ अंशांपेक्षा जास्त फरक नको, अन् हळूहळू भरा. उद्या पुन्हा १२ लिटर. तीन दिवस खाद्य बंद. लाइन गेली की तांब्यानं पाणी वर घेऊन टाकीतच सोडत राहा.

काळीमाती: एवढा कुटाणा कायले? तुरटी फिरवा, तासाभरात नितळ.

वर्धाकाठ: नितळ दिसेल, अमोनिया तिथंच राहील. वर तुरटीनं पीएच हलते.

गप्पीबाज: खडं मीठ टाका, लिटरला १ ग्रॅम.

वर्धाकाठ: मीठ अमोनिया काढत नाही. त्यातलं क्लोराइड नायट्राइटला (जीवाणू अमोनियापासून बनवते ते विष) कल्ल्यांत शिरू देत नाही, म्हणून काही दिवसांनी नायट्राइट चढलं तर कामाचं. आज नाही.

गप्पीबाज: मग आजच टाकून ठेवलं तर बिघडते काय?

काळीमाती: कूलरच्या टाक्यात गप्पी सोडल्या तर डास कमी होते का?

गप्पीबाज: अळ्या खाते. पंपाच्या तोंडाला जाळी बांधा.

पांढरकवड्याचा_पोट्टा: २० लिटर काढलं, खडीखालून लय घाण निघाली. गप्पी खाली गेल्या. गोल्डफिश वरच, पोट टम्म. स्पंज तर रात्रीच साबणानं धुतला होता.

वर्धाकाठ: हे आता सांगता? तो स्पंज फेका, साबण सुटत नाही. अमोनिया पचवणारे जीवाणूही त्याच्यासंगं गेले. नव्या स्पंजात ते जमायला ४ ते ६ आठवडे लागते, तोवर दिवसाआड १२ लिटर बदला. गोल्डफिशला जठर नसते, समोर आलं ते खात सुटते. चौथ्या दिवशी उकडून साल काढलेला मटार, एकाला अर्धा दाणा. अन् डबी फळीवर ठेवा.