मदत हवी आहे : शॅमेलिऑनला उंदराची पिल्लं द्यावीत का?

सांगलीत, विश्रामबागला राहतो. माझ्याकडे व्हेल्ड शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) आहे, नर, दीड वर्षाचा. (येमेनकडचा, परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी केलेला. आपल्याकडचा सरडगुहिरा नव्हे, तो पाळणं कायद्याने गुन्हा आहे.)

अडचण खाण्याची. रातकिडे पुण्याहून पार्सलने मागवतो. या पावसात दोनदा डबा उघडला तर निम्मे मेलेले, वास तर विचारू नका. नाकतोडे इथे हवे तेवढे, पण ऊस नाहीतर द्राक्षबाग, फवारणी कुठे नाही? ती जोखीम मी घेत नाही.

मिरजेचा एक मित्र अजगर पाळतो. तो म्हणतो, "पिंकी दे की, आठवड्याला एक. गडी कसा टुमटुमीत होईल बघ." पिंकी म्हणजे केस न आलेली, डोळे मिटलेली उंदराची पिल्लं. मला ते 'टुमटुमीत'च खटकतंय. शॅमेलिऑन मुळात किडेखाऊ. मोठे नर क्वचित छोटी पाल वगैरे गिळतात, पण नेहमी असला आहार दिला तर चरबी वाढते, गाऊट (सांध्यांत युरिक आम्ल साचणं) होतो, असं वाचलंय. पिल्लांची हाडंही नीट भरलेली नसतात, म्हणजे कॅल्शियम तरी कितीसं मिळणार?

सध्या एक दिवसाआड पाच-सहा किडे देतो, कॅल्शियमची पावडर लावून. परवा जीभ अर्ध्यातच थांबली, किडा निसटला. तेव्हापासून डोक्याला घोर. इथले डॉक्टर गाई-कुत्र्यांचे, त्यांनी हात जोडले.

कुणी पिंकी दिली आहे का? किती दिवसांनी? आणि घरी डुबिया झुरळं (पाळीव सरड्यांना खाऊ म्हणून वाढवतात ती) वाढवायची म्हटलं तर आईला काय सांगू?