यकृताची उजवी धमनी वेगळ्या ठिकाणाहून निघत असेल, तर शस्त्रक्रियेत काय बदलते?

प्रश्न:
माझ्या वडिलांच्या स्वादुपिंडाच्या डोक्याकडील भागात गाठ असून त्यांची व्हिपल शस्त्रक्रिया (स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आणि पित्तनलिकेचा काही भाग काढून उरलेले भाग आतड्याला जोडणे) ठरली आहे. यकृताची उजवी धमनी नेहमीच्या जागेऐवजी आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या सुपीरियर मेसेन्टेरिक धमनीतून निघते, अशी नोंद सीटी अँजिओग्राफीच्या (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या तपासणीच्या) अहवालात आहे. हा वेगळा आजार समजायचा का? आम्ही सगळेच धास्तावलो आहोत.

प्रतिसाद १:
हा आजार नव्हे, ही जन्मजात ठेवण आहे. गर्भावस्थेत यकृताला एकाहून अधिक ठिकाणांहून रक्त येते आणि पुढे त्यांतल्या काही वाहिन्या विरून जातात. कोणती विरली आणि कोणती टिकली, यावर प्रत्येकाची रचना ठरते. शरीररचनाशास्त्रज्ञ मिशेल्स यांनी 200 शवविच्छेदनांच्या आधारे 1966 मध्ये अशा रचनांचे दहा प्रकार मांडले. 1994 मध्ये 1000 यकृतांच्या पाहणीत नेहमीची रचना सुमारे तीन चतुर्थांश यकृतांतच आढळली. विच्छेदन शिकवताना मी विद्यार्थ्यांना हेच सांगते, की पुस्तकातली आकृती प्रत्येक शरीरात सापडेल असे गृहीत धरू नका.

प्रतिसाद २:
मी पोटाच्या शस्त्रक्रिया करतो. आपली काळजी रास्त आहे, कारण ही धमनी बहुधा स्वादुपिंडाच्या डोक्यामागून आणि पोर्टल शिरेच्या (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेच्या) मागून वर चढते, म्हणजे व्हिपलमध्ये जो भाग काढायचा त्याला अगदी खेटून जाते. पित्तनलिका कापण्यापूर्वी मी तिच्या मागे, उजव्या अंगाला बोट ठेवून पाहतो. तिथे ठोका लागला, की अशी धमनी आहे असे समजून पुढचे प्रत्येक पाऊल जपून टाकतो. ती चुकून बांधली गेली तरी पोर्टल शिरेच्या रक्तावर यकृत बऱ्याचदा तग धरते. पित्तनलिका मात्र धमनीच्याच रक्तावर जगते, त्यामुळे आतड्याशी केलेली तिची नवी जोडणी गळण्याचा धोका वाढतो.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. शल्यविशारदांना नेमके काय विचारू?

प्रतिसाद २:
दोन गोष्टी विचारा. यकृताच्या उजव्या भागाचा सगळा रक्तपुरवठा या एकाच धमनीवर आहे, की ती नेहमीच्या धमनीच्या जोडीला आलेली आहे? आणि गाठ तिला चिकटली आहे का? चिकटली असेल, तर धमनीचा तेवढा भाग काढून ती पुन्हा जोडावी लागू शकते आणि त्याची तयारी आधीच करावी लागते. केवळ अहवाल नेऊ नका, सीटीची मूळ चित्रे असलेली सीडीही सोबत न्या.