वाळू नकोच, आणि पत्र्याला जपा

स्कूटरचा जुना रंग काढायला घरच्या ब्लास्टरमध्ये (दाबाच्या हवेने कण मारून रंग खरवडणारं यंत्र) नदीची वाळू चाळून भरली तर चालेल का, हा तुमचा प्रश्न. कृपया भरू नका. वाळू आदळून फुटते तेव्हा सिलिकाची डोळ्यांना न दिसणारी धूळ उडते. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. वाळूऐवजी गार्नेट किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण घ्या. तरीही चांगला रेस्पिरेटर (धूळ गाळणारा मास्क) हवाच, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं.

दुसरं, हवेचं गणित. ३ मिमीचं नोझल ८० पीएसआय दाबाला साधारण १५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा खातं. २ एचपीचा कॉम्प्रेसर जेमतेम ७-८ देतो. म्हणून २ मिमीचं नोझल लावा आणि टाकी भरेपर्यंत थांबत थांबत काम करा. वेळ लागतो, पण होतं.

मी चेतकच्या बाजूच्या झाकणावर एकाच जागी नोझल धरलं आणि पत्रा फुगला, तो सरळ झालाच नाही. सपाट पत्र्याला पेंट रिमूव्हर लावा; ब्लास्टर ठेवा फोर्क, स्टँड, रिम अशा जाड भागांसाठी. जुन्या लांबीखाली (पुट्टीखाली) काय दडलंय तेही तेव्हाच कळतं!

पावसाळ्यात हवेच्या लाइनला वॉटर सेपरेटर (हवेतलं पाणी वेगळं करणारा) लावाच, नाहीतर ब्लास्टरमधले कण ओले होऊन नोझल तुंबतं. उघड्या लोखंडाला हात लावू नका, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (गंज अडवणारा पहिला थर) मारा. आमच्याकडे कोकणात रात्रभरात गंजाचा तांबूस थर चढतो.